भाड्यातला घराचा वाटा

बँकेत असताना कर्ज मागायला आलेल्या प्रत्येकाला मी एक प्रश्न हमखास विचारीत असे, ‘यात तुमचे स्वतःचे मार्जिन किती?’ समोरचा माणूस गडबडला की मला अधिकारीपणाचा बारीकसा आनंदही होई. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशातून कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर एक छोटे घर घेतले आणि ते भाड्याने दिले, तेव्हा मला हा प्रश्न विचारायला टेबलापलीकडे कोणीच नव्हते.

हिशेब सोपा होता. महिना १६ हजार, म्हणजे वर्षाचे १ लाख ९२ हजार. शिवाय अनामत ५० हजार. कादंबऱ्यांत पात्रांवर मी नाना संकटे आणली. घराच्या हिशेबात मात्र एकही आणले नाही.

पहिल्याच जूनमध्ये भाडेकरूचा फोन आला, ‘काका, बाथरूमच्या भिंतीला ओल आली आहे.’ नोकरी करणारे तरुण जोडपे, तक्रारखोर मुळीच नव्हते. मी म्हणालो, ‘पाऊस जाऊ दे, मग बघू.’ खरे कारण पाऊस नव्हते. अनामतीचे पैसे मी आमच्या राहत्या घराच्या स्वयंपाकघरात घालून मोकळा झालो होतो आणि महिन्याचे भाडे महिन्यातच संपत होते.

ऑगस्टमध्ये एका रात्री खालच्या घरातल्या छताचा गिलावा मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर कोसळला. मुले आतल्या खोलीत झोपली होती, एवढेच नशीब. जूनमध्ये जे काम आठ-नऊ हजारांत भागले असते, त्याला फरशी उखडणे, नवे पाइप, वॉटरप्रूफिंग आणि खालच्यांचे छत धरून ६८ हजार लागले. त्यातच सोसायटीने इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी प्रत्येकी ४५ हजार मागितले. ओलीला कंटाळून भाडेकरूंनी घर सोडले आणि दोन महिने ते रिकामे राहिले. दहा महिन्यांच्या १ लाख ६० हजारांतून हे दोन खर्च, सोसायटीचे २४ हजार आणि महापालिकेचा ९ हजारांचा कर वजा जाता वर्षाअखेर हाती उरले १४ हजार.

त्याहून वाईट क्षण अनामत परत करतानाचा. मुदतठेव मोडावी लागणार होती. भिंतीवरच्या डागापोटी दहा हजार कापावेत, असा विचार मनात आला. खोटे कशाला सांगू? हिचे शब्द मात्र अजून कानात आहेत, ‘अहो, तो डाग त्यांनी नाही लावला, तुम्ही लावलात.’ मी ठेव मोडली आणि पूर्ण रक्कम परत केली. पस्तीस वर्षे लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या माणसाला अनामत म्हणजे उत्पन्न नव्हे, देणे आहे, हे घरात शिकावे लागले.

आयकराचा नियम मला पाठ होता. घरभाड्यातून महापालिकेचा कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेच्या ३० टक्के वजावट मिळते आणि त्यासाठी एकही बिल दाखवावे लागत नाही. मी तिला सवलत समजत होतो. आता वाटते, ते सरकारने घातलेले साधे गणित आहे: भाड्यातला एवढा वाटा मालकाचा नव्हे, घराचा.

घराचा वाटा बाजूला पडला नाही की काय होते, ते मुंबईने पाहिले आहे. १९४७ च्या कायद्याने जुन्या घरांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. भाड्यात दुरुस्ती परवडेना, मालकांनी हात काढून घेतला, इमारती खचल्या. अखेर १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्तीसाठी मंडळ नेमावे लागले आणि उपकर बसवावा लागला. दुरुस्तीचा खर्च टाळता येत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या डोक्यावर ढकलता येतो. माझ्या बाबतीत ते डोके खालच्या मजल्यावरचे होते.

आता मी भाड्यातले ४,८०० रुपये दरमहा वेगळ्या खात्यात टाकतो. सोसायटी आणि कर जाऊन वर्षाला २४-२५ हजार उरतात. त्या एका वर्षाचा फटका, रिकामे महिने धरून, १ लाख ४५ हजारांचा होता. तो पेलायला असे खाते सहा वर्षे भरावे लागेल. म्हणून किरकोळ काम वेळीच करणे हाच खरा विमा. अनामत मुदतठेवीत आहे. मे महिन्यात प्लंबर एकदा घर बघून जातो. करार नोंदवलेला असतो आणि कोणती दुरुस्ती कोणाची, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार नोंदवणे ही मालकाचीच जबाबदारी आहे. तो नोंदवला नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

कोणी म्हणेल, मग मालकाला उरले काय? थोडेच उरते. तेवढ्यात ज्याचे भागत नाही, त्याने भाड्यासाठी घर घेऊच नये. बँकेतली ठेव गळत नाही आणि तिच्याखाली कोणाची मुले अभ्यासाला बसत नाहीत.

गेल्या महिन्यात नव्या भाडेकरूचा फोन आला, ‘काका, सिंकखाली थेंब थेंब पाणी येते आहे.’ मी म्हणालो, ‘दुपारी घरी आहात ना? प्लंबरला घेऊन येतो.’