घर एकच, जिल्हे तीन



माझ्या आत्याचं सासर भैंशाचं. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा पत्ता असा होता : मुक्काम भैंसा, तालुका मुधोळ, जिल्हा नांदेड, हैदराबाद राज्य. 1 नोव्हेंबर 1956 ला जिल्हा आदिलाबाद झाला आणि राज्य आंध्र प्रदेश. 2 जून 2014 ला राज्य तेलंगणा झालं. 11 ऑक्टोबर 2016 ला जिल्हा निर्मल झाला. आत्यानं या सगळ्यात घर तर सोडाच, चूलसुद्धा जागची हलवली नाही. तीन राज्यं आणि तीन जिल्हे तिच्या उंबरठ्यापर्यंत आले आणि गेले.

आत्या आता नाही. तिचा नातू कॉलेजात शिकतो. मागच्या वर्षी त्याला वर्गातल्या एका मुलानं सहज विचारलं, "तुमचे लोक महाराष्ट्रातून इकडे कधी आले?" त्यात वाकडं काही नव्हतं. पोरं विचारतात. पण आमच्या पोरानं उत्तर काय दिलं? "माहीत नाही, पणजोबांच्या काळात आले असतील."

त्यानं फोनवर हे हसत सांगितलं. मला मात्र हसू आलं नाही. कुणी दिलेली शिवी पुसता येते. आपणच आपल्याला पाहुणं म्हणवून घेतलं, तर ते कोण पुसणार?

म्हणून भैंशात गप्पांची बैठक घ्यायचं ठरवलं. व्याख्यान हा शब्द मुद्दाम टाळला. एका ओळखीच्या घराची ओसरी, सतरंजी, चहा, वीस-बावीस माणसं. पहिल्या बैठकीत मी तयारी करून गेलो होतो. स्वामी रामानंद तीर्थ, 1938 चा सत्याग्रह, सप्टेंबर 1948 ची पोलीस कारवाई, 17 सप्टेंबर. तासभर बोललो. लोकांनी माना डोलावल्या. शेवटी मागं बसलेले एक आजोबा म्हणाले, "हे सगळं चांगलं आहे हो. पण आपल्या गल्लीचं सांगा की."

गल्लीचं मला काहीच सांगता आलं नाही. खरं सांगायचं तर तिथून पुढंच ही बैठक सुरू झाली.

दुसऱ्या वेळी मी बोललो कमी. प्रत्येकाला एकच सांगितलं होतं, घरातला सगळ्यात जुना कागद घेऊन या. पिशव्या आल्या, पत्र्याचे डबे आले, फडक्यात बांधलेल्या गुंडाळ्या आल्या. दोन गुंडाळ्यांना वाळवी लागलेली. एका घरात कागद होते, पण "वाचता येत नाहीत, मग ठेवून काय करायचं" म्हणून पोळ्याच्या सफाईत जाळून टाकलेले.

जे कागद आले ते बहुतेक उर्दूत. साहजिकच आहे. निजामाच्या राज्यात सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती, आणि राज्य गेल्यावरही महसुली दप्तर बरीच वर्षं त्याच वळणानं चाललं. ओसरीवर बसलेल्या आम्हा कुणालाच ते वाचता येईना. मग शेजारच्या गल्लीतल्या एका निवृत्त मुस्लिम गुरुजींना बोलावलं. ते चष्मा पुसत आले, आणि एकेक कागद वाचत गेले. आत्याच्या घरचा कागद 1954-55 च्या खासरा पहाणीचा उतारा निघाला. त्यात तिच्या सासऱ्यांचं नाव, सर्व्हे नंबर, पीक, आणि तालुका मुधोळ, जिल्हा नांदेड. नातू बाजूलाच बसला होता. गुरुजींनी बोट ठेवून त्याला सांगितलं, "बेटा, हे तुझे पणजोबा. तेव्हाही इथंच होते."

"कधी आले" या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी त्याला मिळालं. ते मी दिलं नाही, कुठल्या पुस्तकानंही नाही. एका कागदानं दिलं, आणि तो वाचणाऱ्या शेजाऱ्यानं दिलं.

आता मुख्य मुद्दा. 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्यात नांदेड जिल्हा मुंबई राज्यात गेला, पण काही भाग वगळून. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन सर्कलं, आणि मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही तीन सर्कलं आंध्र प्रदेशात गेली. कायद्यात आपल्या गावाची नोंद एवढीच. त्याच कायद्यानं आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल उलट दिशेनं मुंबई राज्याकडे गेलं. म्हणजे इकडे मराठी बोलणारी घरं तेलुगू राज्यात राहिली, आणि तिकडे तेलुगू, गोंडी, कोलामी बोलणारी घरं मराठी राज्यात. जे आत्याचं झालं तेच किनवटच्या एखाद्या तेलुगू आजीचं झालं. तिच्या नातवालाही कुणीतरी विचारत असेल, "तुम्ही आंध्रातून कधी आलात?"

हे नीट सांगितलं नाही तर इतिहास फक्त तक्रारीचा होतो. आणि तसा तो नव्हता. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर परवानगी लागायची. 'गश्ती निशाण 53' हा शब्द आपल्या जुन्या लोकांना पाठ होता. राजकीय सभा जमत नाही म्हणून लोकांनी भाषेच्या नावानं परिषदा भरवल्या. तेलुगू लोकांची आंध्र महासभा 1930 ला जोगीपेठला भरली. मराठी लोकांची महाराष्ट्र परिषद 1937 ला परतूरला भरली. कन्नड लोकांचीही परिषद होती. मागण्या जवळपास सारख्याच : शाळा, वाचनालयं, मातृभाषेतलं शिक्षण, बोलायचं स्वातंत्र्य. तेव्हा तेलुगू आणि मराठी माणूस एकाच दाराशी एकच अर्ज घेऊन उभा होता. आज भैंशाच्या मुलाला जोगीपेठ ठाऊक असलं तर परतूर ठाऊक नसतं, आणि नांदेडच्या मुलाचं याच्या उलट. या दोन्ही गोष्टी एकत्र सांगायच्या तर भैंशासारखी दुसरी जागा नाही.

17 सप्टेंबरचंच बघा. मराठवाड्यात तो मुक्तिसंग्राम दिन. सीमेच्या या बाजूला त्याच दिवसाला वेगवेगळ्या सरकारांनी वेगवेगळी नावं दिली. तारीख एक, घटना एक, पण मुलाच्या हातात कुठला झेंडा येणार हे त्याची शाळा भोकरला आहे की भैंशाला, यावर ठरतं.

काही जण विचारतील, हे सगळं करून मिळणार काय? दोन गोष्टी.

पहिली, कागद. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला 2023 साली महाराष्ट्र सरकारनं न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा हैदराबादच्या जुन्या दप्तरांची आठवण सगळ्यांना झाली. त्या मागणीबद्दल कुणाचं मत काहीही असो, एक गोष्ट मात्र सगळ्यांना कळली : निजामकाळातल्या एका ओळीवर आज एखाद्या घराचं बरंच काही अवलंबून असू शकतं. आणि ती ओळ वाचू शकणारी माणसं दरवर्षी कमी होत चालली आहेत. उर्दू वाचणारे म्हातारे, मोडी वाचणारे त्याहूनही थोडे.

दुसरी, शाळा. ज्या वर्षी आपला जिल्हा बदलला त्याच वर्षी, सातव्या घटनादुरुस्तीनं, संविधानात कलम 350क आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्यानं करावा, असं ते सांगतं. मराठी शाळेचा प्रश्न घेऊन एखाद्या कचेरीत गेलं की कधीकधी ऐकावं लागतं, "बाहेरून येऊन आपली शाळा मागता?" तिथं पणजोबांच्या नावाचा उतारा टेबलावर ठेवता आला पाहिजे. आवाज न चढवता. तेलुगू आपण शिकतोच, शिकलंच पाहिजे; बाजार, दवाखाना, नोकरी तिच्यावरच चालते. पण एक भाषा शिकायची म्हणून दुसरी विसरायची, असा काही कायदा नाही.

एक अवघड गोष्टही बोलतो. भैंशाचं नाव बाहेर बहुतेक वेळा दंगलीच्या बातमीतच येतं. 2008, 2020, 2021 ची वर्षं गावकऱ्यांना विसरता येत नाहीत. त्यामुळे 'इतिहासाचा कार्यक्रम' म्हटलं की शहाणी माणसं आधी दचकतात, आणि त्यांचं चुकत नाही. इतिहासाच्या नावानं काय काय पेटवता येतं हे या गावानं पाहिलंय. म्हणून बैठकीला आम्ही काही पथ्यं ठेवली आहेत. माइक नाही. हारतुरे नाहीत. पुढाऱ्याला पहिली खुर्ची नाही. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगायची. आणि तेलुगू व उर्दू बोलणारा शेजारी बैठकीत असायलाच हवा. त्याच्यासमोर जे सांगता येत नाही, ते पुन्हा एकदा तपासायचं. त्या गुरुजींशिवाय आमचे कागद मुके राहिले असते, ही साधी गोष्ट एकदा कळली की पुढचं भांडण निम्मं गळून पडतं.

दर महिन्याला एक बैठक, असं ठरलंय. पुढचे विषय लोकांनीच सुचवले आहेत : कापसाचा बाजार आणि जिनिंग, बासरच्या जत्रेला बैलगाडीनं जायचे ते दिवस, 1956 च्या आधी आणि नंतर शाळेत काय बदललं. शेवटच्या विषयावर बोलायला ऐंशीच्या पुढच्या दोन आजी तयार झाल्यात. तो विषय आम्ही आधी घेतोय. कारण विचारू नका.

तुमच्या गावात, मग ते जुक्कल असो, बिचकुंदा, कुबीर, किनवट की राजुरा, अशी बैठक घ्यायला हॉल लागत नाही की वक्ता लागत नाही. या रविवारी घरातला डबा उघडा. सगळ्यात जुन्या कागदाचा फोटो काढा. तो कुणाचा, कुठल्या गावचा, घरात कुणाकडून आला, हे मागं लिहून ठेवा. वाचता आला नाही तरी जाळू नका. वाचणारा शेजारच्या गल्लीतच असेल, त्याला चहाला बोलवा.

आत्याच्या नातवाला आता कुणी विचारलं तर तो काय सांगेल? परवा मी विचारलं. म्हणाला, "आम्ही कुठून आलो नाही. पत्ता बदलत गेला."

एवढं एक वाक्य आपल्या प्रत्येक मुलाला सांगता यावं, आणि हातात कागद धरून सांगता यावं. त्यासाठीच या बैठका.