पुष्पवृष्टी आणि प्रश्न

दिनांक ६ डिसेंबर २०१९ रोजी, शुक्रवारी सकाळी, मी दहावीच्या वर्गात पाऊल टाकले तेव्हा फळ्यावर ठळक अक्षरांत दोनच शब्द लिहिलेले होते : 'न्याय झाला!' वर्गात पेढे वाटले जात होते. एक पेढा माझ्याही हातावर ठेवण्यात आला आणि तो मी खाल्ला, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. पुढे जे लिहीत आहे, ते त्या दिवशी मला सुचले नव्हते.

त्या पहाटे काय घडले हे वडीलधाऱ्या हैदराबादकरांस सांगावयास नको. परंतु आज शाळेत असलेली मुले तेव्हा फार लहान होती, म्हणून थोडक्यात सांगतो. २७ नोव्हेंबरच्या रात्री शमशाबादच्या टोलनाक्याजवळ एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला व शादनगरनजीक चटणपल्लीच्या पुलाखाली तिचा देह जाळण्यात आला. दोन दिवसांत चार जणांना अटक झाली. शादनगरच्या ठाण्यापुढे जमलेले लोक, आरोपींना आमच्या हवाली करा, असा आक्रोश करीत होते. ६ डिसेंबरच्या पहाटे पोलिसांनी त्या चौघांना तपासासाठी त्याच पुलाजवळ नेले आणि तेथे चौघेही पोलिसांच्या गोळ्यांनी ठार झाले. आरोपींनी आमच्या डोळ्यांत माती फेकली, शस्त्रे हिसकावली, म्हणून आत्मसंरक्षणार्थ गोळ्या झाडाव्या लागल्या, असे पोलिसांनी सांगितले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली, त्यांना खांद्यावर घेतले. स्त्रियांनी त्यांच्या मनगटांवर राख्या बांधल्या.

लोकांना नावे ठेवण्याची माझी इच्छा नाही. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये घडलेल्या तशाच अघोर प्रकरणातील गुन्हेगारांची फाशी, सात वर्षे लोटली तरी, त्या सकाळपर्यंत अमलात आलेली नव्हती. न्यायालयाच्या पायऱ्या झिजवून थकलेल्या समाजास बंदुकीचा आवाज गोड वाटला, तर त्यात नवल ते कोणते?

वृत्तपत्रांची गोष्ट मात्र निराळी आहे. घडले ते सांगणे आणि कोणाच्या सांगण्यावरून आपण ते सांगत आहोत हे न लपविणे, हा त्यांचा धर्म होय. त्या दिवशी कित्येक ठिकाणी 'पोलिसांनी सांगितले' हे दोन शब्द गळून पडले, आणि एका पक्षाचे निवेदन निवाडा होऊन घरोघर पोचले. पाहा, आपण 'चकमक' हा शब्द किती सहज वापरतो! चकमक म्हणजे गारगोटी आणि पोलाद. दोन्ही एकमेकांवर आपटल्याखेरीज ठिणगी उडत नाही. म्हणून मथळ्यात 'चकमक' छापले की दोन्ही बाजूंनी प्रहार झाले, हे बातमीदाराने चौकशीपूर्वीच कबूल केल्यासारखे होते. 'पोलिसांच्या गोळीबारात चौघे ठार' असे छापले असते तर त्यात काहीच खोटे नव्हते आणि जास्तीचेही नव्हते. याच शहरात १९४८ साली 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी लेखणीची किंमत रझाकारांच्या हातून प्राण देऊन मोजली होती. इतके धैर्य कोणी कोणाकडे मागत नाही. येथे दोन शब्दच हवे होते.

याहून मला अधिक बोचते ते दुसरेच. २७ नोव्हेंबरच्या रात्री त्या मुलीचे कुटुंबीय साहाय्यासाठी पोलिसांकडे धावले होते. ही हद्द आमची नव्हे, या वादात मोलाचा वेळ गेला, अशी त्यांची तक्रार होती, आणि त्या दिरंगाईबद्दल तीन पोलिसांना निलंबितही करण्यात आले होते. आठवडाभर सगळीकडे हाच प्रश्न विचारला जात होता : ती जिवंत असताना पोलीस कोठे होते? ६ डिसेंबरच्या पुष्पवृष्टीखाली हा प्रश्न गाडला गेला. पुढे कोणा मुलीचा जीव वाचावयाचा असेल, तर तो याच प्रश्नाच्या उत्तराने वाचणार आहे. त्या पहाटेच्या गोळ्यांनी नव्हे.

न्याय तडकाफडकी होत नसतो आणि सुडाचे रूप घेतल्यास तो न्याय उरत नाही, असे तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे दुसऱ्याच दिवशी जोधपूर येथे म्हणाले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली तीन सदस्यांचा आयोग नेमला. बोबडे व सिरपूरकर हे दोघेही नागपूरच्या वकिलीतून पुढे आलेले, ही आपली एक जाताजाताची नोंद. आयोगाचा अहवाल २०२२ च्या मे महिन्यात प्रसिद्ध झाला. शस्त्रे हिसकावल्याची हकीकत आयोगास विश्वसनीय वाटली नाही. गोळ्या ठार करण्याच्या हेतूनेच झाडल्या गेल्या, असा निष्कर्ष काढून त्याने दहा पोलिसांवर खटला चालविण्याची शिफारस केली. आणखी एक गोष्ट त्यात होती. पोलिसांनी सज्ञान म्हणून सांगितलेल्या त्या चौघांपैकी तिघे, आयोगाच्या मते, अठरा वर्षांचेही नव्हते. अज्ञान आरोपींची नावे व छायाचित्रे छापण्यास कायद्याची मनाई आहे. ती तर कधीच देशभर छापून झाली होती.

आयोगाचा निष्कर्ष म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे, हेही येथे म्हटले पाहिजे. नाहीतर जो दोष मी वृत्तपत्रांना देत आहे, तोच माझ्या पदरी येईल. परंतु नियम तर पूर्वीपासून होते. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मृत्यू पावली. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट सांगितले होते की, अशा प्रत्येक मृत्यूचा तपास स्वतंत्र यंत्रणेने करावा, आणि घटनेपाठोपाठ कोणास बढती वा शौर्यपदक देऊ नये. फुले उधळण्याविषयी न्यायालयाने काही सांगितले नव्हते. ते सुचले नसावे.

"पण सर, त्या मुलीचे काय?" असे मला विद्यार्थी विचारतात. हा प्रश्न रास्तच आहे. तिच्यावर त्या रात्री काय गुदरले, हे साक्षीपुराव्यानिशी न्यायालयापुढे कधी सिद्ध झालेच नाही. आरोपी गेले, त्यांच्याबरोबर खटलाही गेला. ते चौघे दोषी असतील. कदाचित त्यांतील एखादा नसेलही. तिच्या आईवडिलांना ते खात्रीने सांगू शकेल असा कोणताही निकाल आज कोठल्याही दप्तरात नाही.

अहवालाची बातमी आली तेव्हा शाळेला उन्हाळ्याची सुटी होती. त्या दहावीच्या वर्गातला एक विद्यार्थी काही दिवसांनी मला कोठी येथे भेटला. 'ते फळ्यावर मी लिहिले होते,' असे तो आपण होऊन म्हणाला. पेढा मीही खाल्ला होता, याची मी त्यास आठवण दिली. मग बोलणे अहवालावर आले. त्याने तो मुळातून वाचावयास घेतला होता. मी अजून नुसती बातमीच वाचली होती.