चार दिवसांची दुबई

प्रवासास निघण्यापूर्वीं पंचांग उघडण्याची चाल आमच्या घरांतून बहुतेक गेली आहे. दुबईस जावयाचें असेल तर मात्र ती पुन्हां सुरू करावी, असें आम्हांस वाटतें. मुहूर्तासाठीं नव्हे, ऋतूसाठीं. मुंबईहून विमानानें सुमारें तीन तासांवर असलेलें हें शहर. तेथील घड्याळ आपल्या दीड तास मागें चालतें, एवढाच काय तो काळाचा फरक. हवेचा फरक मात्र मोठा. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तेथील सकाळ-संध्याकाळ पुण्याच्या हिवाळ्याची आठवण व्हावी इतकी सुखाची असते. मेपासून सप्टेंबरपर्यंत दुपारचा पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, आणि शेजारीं समुद्र असल्यामुळें वाळवंटाचें कोरडें ऊनही नशिबीं येत नाहीं. अंगांतून घामाच्या धारा चालू राहतात. आमच्या मुलांच्या शाळांची मोठी सुटी नेमकी मे महिन्यांत, आणि सहलींच्या जाहिरातीही स्वस्त त्याच सुमारास. या स्वस्ताईचें कारण जाहिरातींत छापलेलें नसतें, म्हणून येथें सांगून ठेवितों. लहान मुलें किंवा साठी उलटलेलीं माणसें बरोबर असतील तर दिवाळीची सुटी धरावी. नाताळांतही हवा उत्तम असते; पण वर्षअखेरच्या आठवड्यांत सारें जगच तेथें लोटतें, आणि हॉटेलांचे दर त्या मानानें वाढतात.

पंचांगांतील दुसरी गोष्ट रमजानची. मुसलमानी महिने केवळ चंद्रावर चालतात. त्यांत आपल्यासारखा अधिक मास धरीत नाहींत, म्हणून रमजान दर वर्षीं दहा-अकरा दिवसांनीं अलीकडे सरकतो. त्या महिन्यांत दिवसां उपाहारगृहें आंतून चालू असलीं, तरी रस्त्यानें खातपीत जाणें बरें दिसत नाहीं. घरांत एकादशी चालू असतां पाहुण्यानें अंगणांत बसून भजीं खावींत, तसें तें आहे. एरवीं संध्याकाळीं उपास सुटल्यावर बाजार रात्रीं उशिरापर्यंत गजबजतात, आणि तो देखावा पाहण्यासारखा असतो.

आतां पैशाची गोष्ट. दिरहम हें तेथील नाणें १९९७ पासून अमेरिकन डॉलरशीं ठरलेल्या भावानें बांधलेलें आहे : एका डॉलरास ३.६७२५ दिरहम. त्यामुळें डॉलरपुढें रुपया उतरला कीं दुबईंतील चहाचा पेलाही आपणांस महाग पडतो. शिवाय हॉटेलांत दर खोलीमागें दर रात्रीं एक पर्यटन-शुल्क निराळें घेतात. तें हॉटेलाच्या दर्जाप्रमाणें ७ ते २० दिरहम असतें, आणि पुष्कळदां तें सहलीच्या सांगितलेल्या किंमतींत धरलेलें नसतें. तेव्हां ‘सर्व खर्च आंत’ या शब्दांचा अर्थ आधीं नीट विचारून घ्यावा. अलीकडे सहलीचे पैसे हप्त्यांनीं भरण्याची सोय निघाली आहे. घर बांधावयास कर्ज काढणें आम्ही समजूं शकतों. चार दिवसांच्या मौजेचे पैसे पुढें दोन वर्षें फेडीत बसावें, हें मात्र आमच्या गळीं उतरत नाहीं. वर्षभर थांबून जावें. दुबई कोठें पळून जात नाहीं.

दिवस ठरवितांना बहुतेक लोक पहिल्याच सकाळीं त्या अत्युच्च मनोऱ्याकडे धांवतात. आमची सूचना थोडी निराळी आहे. पहिला दिवस खाडीला द्यावा. बर दुबई आणि देरा या दोन जुन्या वस्त्यांमधून ही खाडी जाते, आणि ती ओलांडण्यासाठीं ‘अब्रा’ नांवाच्या लांकडी नावा आहेत. भाडें माणशीं एक दिरहम. या शहरांत इतक्या थोड्या पैशांत इतका आनंद दुसरीकडे मिळत नाहीं. अलीकडच्या तीरावर अल् फहिदी वस्ती आहे. इराणांतील बस्तक गांवाहून आलेल्या व्यापाऱ्यांनीं तेथें घरें बांधलीं. त्यांच्या छपरांवरील चौकोनी मनोरे शोभेचे नव्हेत. चारी दिशांचा वारा पकडून तो खालच्या खोलींत उतरविण्याची ती युक्ति आहे. विजेचे पंखे येण्यापूर्वीं त्या भूमींत माणसें कशीं राहत होतीं, याचें उत्तर त्या मनोऱ्यांखालीं उभें राहिलें कीं अंगालाच मिळतें.

दुबई म्हणजे तेलावर उभारलेलें शहर, अशी सर्वत्र समजूत आहे. तेल तेथें सांपडलें १९६६ सालीं. त्यापूर्वींच या खाडींतील गाळ उपसून मोठ्या गलबतांना वाट करून दिलेली होती, आणि तीही कुवेतकडून कर्ज घेऊन. (कर्ज काढावेंच तर असें काढावें.) त्याहूनही मागें गेलें तर हें मोत्यांचें बंदर होतें. ज्यांना आपण बसऱ्याचे मोती म्हणतों, ते याच आखातांतील पाणबुड्यांनीं जीव धोक्यांत घालून वर काढलेले, आणि त्यांची मोठी बाजारपेठ होती मुंबई. जपानांत मोत्यांची लागवड होऊं लागली, त्यांतच १९३० च्या सुमारास जगभर मंदी आली, आणि तो धंदा बसला. आमच्या ज्या भगिनींच्या घरीं आजीच्या वेळची नथ असेल, त्यांनीं ती मुलांना दाखवून मगच त्यांना या खाडीवर न्यावें.

दुबईचा आपल्याशीं संबंध एवढ्यावरच थांबत नाहीं. तेथील पहिलें टपाल ऑफिस १९०९ सालीं हिंदुस्थानच्या टपालखात्यानें उघडलेलें होतें. व्यवहारांतील नाणें आपला रुपया होता. १९५९ सालीं रिझर्व्ह बँकेनें आखातासाठीं निराळ्या नोटा काढल्या, आणि १९६६ सालीं रुपयाचें अवमूल्यन झालें तेव्हां दुबईनें रुपयाची संगत सोडली. दिरहम आला तो १९७३ सालीं, म्हणजे सात अमिराती एकत्र येऊन त्यांचें राज्य झाल्यावर. ही हकीकत ठाऊक असली म्हणजे देऱ्याच्या मसाल्याच्या बाजारांतून फिरतांना आपण केवळ गिऱ्हाईक राहत नाहीं.

दुसरा दिवस नव्या शहराचा. बुर्ज खलिफा हा मनोरा २०१० सालीं खुला झाला. त्याची उंची ८२८ मीटर. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंच आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे माणसानें काय उभें केलें आहे याची कल्पना येते. सूर्यास्ताच्या वेळेचें तिकीट अधिक महाग असतें. सकाळीं लवकर गेलें तर खर्चही कमी आणि गर्दीही कमी. तेथें जाण्यास २००९ सालीं सुरू झालेली मेट्रो सोयीची आहे. ती चालकाविना चालते, आणि तींत स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं निराळी जागा असते. मात्र स्थानकापासून बाजारापर्यंतची झांकलेली वाट बरीच लांब आहे. गुडघे दुखणाऱ्या मंडळींनीं टॅक्सी करावी. आणखी एक : गाडी सुटली कीं डबा उघडावयाचा ही आपली जुनी संवय. मेट्रोंत खाण्यापिण्यास बंदी असून त्याबद्दल दंड होतो. शाकाहारी मंडळींनीं जेवणाची काळजी मात्र मुळींच करूं नये. बर दुबई आणि करामा या भागांत आपल्या पद्धतीचें जेवण हवें तितकें मिळतें.

तिसऱ्या दिवशीं वाळवंट. टेकड्यांवरून मोटारी उड्या मारीत नेतात, तो प्रकार गर्भवतींनीं आणि पाठीचें किंवा हृदयाचें दुखणें असलेल्यांनीं टाळावा. चौथा दिवस अबू धाबीच्या वाटेवर २०२४ सालीं उघडलेल्या दगडी मंदिरासाठीं ठेवतां येईल, नाहीं तर विश्रांतीसाठीं.

सोन्याबद्दल दोन शब्द सांगितल्यावांचून गृहिणी आम्हांस सोडणार नाहींत. भाव आपल्यापेक्षां कांहीं कमी दिसतो, परंतु त्यावर घडणावळ असते आणि ती घांसाघीस करून उतरते. खरा मुद्दा परतीचा आहे. जकात न भरतां दागिने आणण्याची सवलत परदेशांत वर्षाहून अधिक राहून परतणाऱ्यांसाठीं आहे. चार दिवसांच्या पाहुण्यांस ती नाहीं. अंगावरचे दागिने येथूनच घालून जाणार असाल तर निघतांना आपल्या जकात-अधिकाऱ्यांकडून तसा दाखला घेऊन ठेवावा, म्हणजे येतांना वाद होत नाहीं.

एवढें सारें पाहतांना जी माणसें डोळ्यांसमोर असूनही दिसत नाहींत, त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय हें सदर पुरें करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. दुबईच्या वस्तींत परदेशीयांचाच भरणा मोठा आहे, आणि त्यांत सर्वांत अधिक आपले हिंदी लोक. हॉटेलांतील खोली झाडणारा, टॅक्सी हांकणारा, परातींतून काँक्रीट वाहणारा, यांपैकीं पुष्कळांना आपली भाषा समजते. १५ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत दुपारीं १२-३० ते ३ या वेळांत उघड्या उन्हांत काम करून घेण्यास तेथें कायद्यानें मनाई आहे. स्वस्त सहलींचे जे दिवस वर सांगितले, त्यांतले बरेचसे हेच. दिवसाचा बाकीचा वेळ त्यांचें काम चालूच असतें. मुहैसना भागांत मजुरांच्या मोठ्या वसाहती आहेत. त्या जागेला मजूर ‘सोनापूर’ म्हणतात. जुन्या मुंबईकरांस हें नांव ऐकून चर्र होईल, कारण मुंबईंत सोनापूर म्हणजे स्मशान. सहलीच्या गाड्या तिकडे जात नाहींत, आणि जाव्यात असेंही आम्ही म्हणत नाहीं. माणसांचें राहणें हा तमाशा नव्हे.

परंतु आपल्या गांवचा, आळींतला, कामवाल्या बाईंच्या घरचा कोणी मुलगा तेथें असेल, आणि कोंकणांतून तर असे पुष्कळ गेलेले आहेत, तर त्याला आधीं कळवावें. त्याची सुटी कोणत्या वारीं असते तें विचारून मगच आपला बेत आंखावा, आणि त्याच्याबरोबर एक वेळ जेवावें.

त्याच्या आईनें डबा दिला तर आनंदानें न्यावा. मात्र तो तिच्यादेखत उघडून पाहावा, आणि अनोळखी माणसाचें बांधलेलें पुडकें तर कधींही घेऊं नये. तेथील कायदा या बाबतींत फार कडक आहे. कोडीन असलेलें खोकल्याचें औषध आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या अगोदर परवानगी घेतल्यावांचून नेतां येत नाहींत. रोजच्या औषधांबरोबरही डॉक्टरांची चिठ्ठी असावी. विड्याचीं पानें घरींच ठेवावींत. आणि खसखस ही अफूच्या बोंडांतली म्हणून तेथें मादक पदार्थांत मोडते. चिमूटभर सांपडली तरी विमानतळावरच अडकण्याची पाळी येते. दिवाळीचे दिवस असतील, आणि त्या माउलीनें हौसेनें अनारसे केले असतील, तर तिला हें समजावून सांगावें आणि त्यांच्याऐवजीं चकल्या मागून घ्याव्यात. बेसनाचे लाडूही चालतील.