भुताच्या सिनेमांची उतरती भाजणी

मैत्रिणींनो, लोणची-पापड सोडून आज मी भुतांकडे वळले म्हणून नाकं मुरडू नका हं! "सुटीला भाचरं जमली आहेत. रामसेंचे जुने भुताचे सिनेमे लावा म्हणून मागे लागलीत. त्यातले बरे कुठले?" असं एका वाचक भगिनीनं विचारलं आहे. खरं सांगू? प्रश्न अगदी माझ्या आवडीचा आहे.

रामसे बंधू एकूण सात. पण भुताचे चित्रपट दिग्दर्शित केले ते मुख्यतः तुलसी आणि श्याम या जोडीनं. तुलसी २०१८ मध्ये गेले, श्याम २०१९ मध्ये.

माझ्या मते पहिला नंबर 'पुराना मंदिर'चा (१९८४). सामरी नावाच्या सैतानाचा एका राजघराण्याला शाप असतो, की या घरातली बाई बाळंतपणात दगावेल. म्हणून बाप मुलीला प्रेमातही पडू देत नाही. पेटीतलं मुंडकं, पुरलेलं धड हे सगळं पोरांसाठी. मी हा सिनेमा पाहिला तो सातव्या महिन्यात, सासूबाईंना न सांगता, धाकट्या नणंदेला बरोबर घेऊन. माझी थोरली आत्या बाळंतपणातच गेली होती. "बाहेरचं झालं" एवढंच घरात बोलत. पुढे कधीतरी कळलं, की रक्तस्राव थांबत नव्हता आणि तालुक्याला पोचेपर्यंत रात्र सरली होती. थिएटरात पोरं शिट्ट्या मारीत होती आणि मी तोंडाला पदर लावून बसले होते. दुसऱ्या दिवशी, महिनाभर टाळलेली रक्ताची तपासणी करून आले. "आज एकदम शहाणपण कुठून सुचलं?" सासूबाईंनी विचारलं. आम्ही दोघी गप्प!

दुसरा 'बंद दरवाजा' (१९९०). मूल होत नाही म्हणून ठाकुराची बायको नेवला नावाच्या सैतानाकडे जाते. त्याची अट काय, तर मुलगा झाला तर तुमचा, मुलगी झाली तर माझी! हे ऐकून मला भुताची भीती वाटायच्या ऐवजी संतापच आला. सामरी आणि नेवला, दोन्ही अजय अगरवालच. हा उंचापुरा माणूस मूळचा रुरकीला शिकलेला इंजिनियर, हे ऐकून भाचरं थोडी तरी निवांत होतील.

तिसरा 'दो गज़ ज़मीन के नीचे' (१९७२). नवऱ्याला मारून पुरतात आणि तो परत येतो, एवढीच गोष्ट. आज संथ वाटेल. पण मला त्याची वेगळीच अपूर्वाई आहे. हाताशी पैसा थोडा, म्हणून रामसे सगळं कुटुंबच घेऊन महाबळेश्वरला गेले आणि युनिटचा स्वयंपाक घरच्या बायकांनी सांभाळला. रात्रीच्या शूटिंगवरून आलेल्यांना अवेळी ताटं वाढायची म्हणजे काय, ते तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको.

'वीराना' (१९८८) पुष्कळांना पहिल्या नंबरचा वाटतो. जास्मिन दिसते देखणी, आणि सतीश शहा 'हिचकॉक' नावाचा सिनेमावाला होऊन धमाल करतो. पण मुलांसमोर मुळीच लावू नका. त्यातल्या कित्येक प्रसंगांना तुम्हालाच उठून पाणी आणायला जावं लागेल. 'और कौन' (१९७९) आपल्या सचिनसाठी एकदा पाहायला हरकत नाही. बाकीचे राहिले तरी चालतील.

आणि हो, सिनेमा दुपारच्या उजेडात लावा, धाकट्याला मधे बसवा, आणि गॅसवर कुकर ठेवून पाहायला बसू नका. ऐन वेळी शिटी झाली आणि आमच्याकडे चिवड्याचं अख्खं ताट सतरंजीवर उलटं झालं!