उत्तर सांगू नकोस ना!

कॉलेजच्या ग्रुपवर एखादं कोडं टाकून बघा. मिनिटभरात कुणीतरी उत्तर टाकतो, दुसरा ‘सही रे’ म्हणतो, तिसरा अंगठा दाखवतो आणि विषय संपतो. बाकीच्यांनी प्रश्न नीट वाचलेलासुद्धा नसतो. हल्ली तर उत्तर टाकणाऱ्याने ते स्वतः सोडवलेलं असेल याचीही खात्री नाही. स्क्रीनशॉट काढून एआयला दिला की पायऱ्यांसकट उत्तर हातात. माझं म्हणणं स्पष्ट आहे. असं उत्तर टाकणारा हुशार वगैरे काही नाही, तो दुसऱ्याच्या ताटातला घास उचलतोय.

सुट्टीत गावी गेले होते. गाव महाळुंगे पडवळ, आंबेगाव तालुक्यातलं. हुतात्मा बाबू गेनूंचं जन्मगाव म्हणून तुम्ही नाव ऐकलं असेल. माझा चुलतभाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय. सकाळी रनिंग, मग मंचरच्या अभ्यासिकेत दिवसभर. लेखी परीक्षा १०० गुणांची, वेळ ९० मिनिटं: अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान. हिशोब केला तर एका प्रश्नाला ५४ सेकंद येतात. त्यामुळे त्याच्या वहीत कोडी नाहीतच, नुसत्या ट्रिक्स आहेत. ‘रांगेत एक मुलगा डावीकडून सातवा आणि उजवीकडून बारावा, तर रांगेत एकूण किती मुलं?’ सात अधिक बारा, वजा एक, अठरा. पुढचा प्रश्न. मी विचारलं, “अरे, पण एक का वजा करायचा?” तर म्हणाला, “ते नाय माहीत ताई, पण करायचाच असतो.”

मी त्याला नावं ठेवणार नाही. ५४ सेकंदांत ‘का’ विचारणारा मागेच पडणार. पण या असल्या तयारीत एक गंमत आपल्या हातून निसटते. कोडं ही मुळात दुसऱ्याला घालायची गोष्ट आहे. ‘कोडं घालणं’ हा शब्दप्रयोगच बघा ना, समोर कुणीतरी लागतंच. अभ्यासिकेत मात्र आपण एकमेकांना पाठ करून बसतो, भिंतीवर ‘शांतता राखा’ लिहिलेलं असतं आणि शेजारचा मुलगा म्हणजे मेरिट लिस्टमधली आपली एक जागा असते.

तर त्या रात्री जेवणं झाल्यावर ओसरीवर मी टोप्यांचं कोडं काढलं. जुनं आहे, तुमच्यापैकी काहींना माहीतही असेल. तीन पांढऱ्या आणि दोन काळ्या टोप्या. तिघांना एकामागे एक बसवायचं, डोळे मिटायला सांगून प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक टोपी ठेवायची आणि उरलेल्या दोन लपवायच्या. सगळ्यात मागच्याला पुढच्या दोघांच्या टोप्या दिसतात, मधल्याला फक्त पुढच्याची, आणि पुढच्याला काहीच नाही. मागून सुरुवात करून एकेकाला विचारायचं, तुझी टोपी कुठली? पांढऱ्या टोप्यांना आमच्याकडे तोटा नाही, आजोबांच्या पेटीत ढीग आहे. काळ्या म्हणून माकडटोप्या घेतल्या, पण त्या घातल्या की कानांनाच कळतं. शेवटी कागदाच्या केल्या.

मागे भाऊ, मध्ये आत्या आणि पुढे नववीतली चुलतबहीण. तिघांनाही मी पांढऱ्याच घातल्या. भावाला विचारलं, तर पठ्ठ्याने ठोकून दिलं, “पांढरी!” तुक्का, आणि तोही बरोबर लागलेला! पण त्याच्या त्या बरोबर उत्तराने सगळा खेळ बसला. कारण मागच्याला आपली टोपी खात्रीने कधी कळेल? पुढच्या दोघांच्या टोप्या काळ्या असतील तरच. काळ्या दोनच, त्या संपल्या, म्हणजे माझी पांढरी. हे धाकटीने बरोबर ओळखलं आणि भावावर विश्वास ठेवून सांगितलं, “म्हणजे माझी काळी.” चूक. तिचं डोकं नीट चाललं होतं, तरी ती चुकली, कारण मागच्याने माहीत नसताना माहीत असल्यासारखं केलं.

परीक्षेत असा तुक्का लागला तर गुण मिळतो. इथे मात्र त्याने दुसरीला खड्ड्यात घातलं.

पुन्हा खेळलो. या वेळी भाऊ थोडा घुटमळला आणि म्हणाला, “माहीत नाही.” आत्या म्हणाली, “मलाबी नाय माहीत.” मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. भाऊ उत्तर सांगायला आसुसलेला, त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. आणि जिला एकही टोपी दिसत नव्हती ती म्हणाली, “माझी पांढरी.” का? तर दादाला कळलं नाही, म्हणजे आम्हा दोघींत निदान एक पांढरी आहे. माझी काळी असती तर आत्याला तिची पांढरी असल्याचं लगेच कळलं असतं. तिलाही कळलं नाही, म्हणजे माझी काळी नाही.

तिच्या उत्तराला मागच्या दोघांचं खरंखुरं ‘माहीत नाही’ लागलं. आता वर्गात काय होतं ते आठवा. सर विचारतात, “कळलं का?” साठ जण एका सुरात, “हो सर.” त्यात आपणही असतो. प्रत्येकाला वाटतं, सगळ्यांना कळलंय, मीच ढ. कुणीतरी एकाने ‘नाही कळलं’ म्हटलं असतं, तर बाकीच्यांच्या हाताला काहीतरी लागलं असतं. म्हणून मला चारचौघांत कोडी सोडवणं रिझनिंगच्या क्लासपेक्षा मोठं वाटतं. तिथे ‘माहीत नाही’ म्हणायची सवय होते आणि त्याची लाज वाटत नाही.

दुसरं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे आणि ते प्रत्येक कॉलेज फेस्टमध्ये असायला हवं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. देवळालीच्या शाळेत गणित शिकवायचे. डहाणूला १९०५ मध्ये जन्म, शिक्षण फर्ग्युसन कॉलेजात. आकड्यांशी खेळण्याचा नाद असा, की बड्या गणितज्ञांनी बरीच वर्षं त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी आपल्या प्रसिद्ध सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. (आपल्या माणसाची दखल आधी बाहेरच्यांनी घ्यायची, ही आपली जुनी खोड.)

त्यांचा खेळ असा. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा आणि मोठ्यातून लहान वजा करा. येणाऱ्या उत्तरावर तेच करा. बाबू गेनू मुंबईत विदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवे झाले ते १२ डिसेंबर १९३० रोजी, म्हणून मी १९३० घेतला. ९३१० वजा ०१३९, बरोबर ९१७१. मग ९७११ वजा ११७९, बरोबर ८५३२. मग ८५३२ वजा २३५८, बरोबर ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च येत राहतं. माझं जन्मसाल २००३ घेतलं तर पाच पायऱ्या लागतात. कुठलीही संख्या घ्या, सातच्या आत तिथेच पोचता.

एकट्याने केलं तर म्हणाल, बरं, मजेशीर आहे. पण चौघांनी चार वेगवेगळे आकडे घेऊन, एकमेकांना न दाखवता करून बघा. चौघांच्या कागदावर ६१७४ उतरतं तेव्हा जो आरडाओरडा होतो, तो मोबाइलवरच्या कुठल्याच गेमने होत नाही. आणि ज्याचं येत नाही त्याची वजाबाकी तपासायला तिघं धावतात. शून्य सोडलंस बघ, हातचा विसरलास बघ. इथे शेजारचा स्पर्धक नसतो.

होडीचं कोडं तर तुम्हाला माहीतच असेल. माणसाला वाघ, शेळी आणि गवताचा भारा नदीपार न्यायचाय, होडीत एका वेळी एकच मावतं. युरोपात हे हजारएक वर्षांपूर्वीपासून लांडगा, बकरी, कोबी असं घालतात. आमच्याकडे मात्र वाघाच्या जागी बिबट्याच येणार, आणि पहिला प्रश्न हाच येणार की बिबट्याला होडीत बसवणार कोण, वनखातं का? सगळे हसतात, पण जुन्नर-आंबेगावात हा विनोद अर्धाच हसण्यासारखा आहे. अंधार पडला की उसाच्या कडेने कुणी एकटं जात नाही.

आणि तिथेच माझी खरी तक्रार आहे. संध्याकाळी पारावर, कट्ट्यावर, टपरीवर डोकं लढवत बसायला मुलांना जागा असते. आम्हाला दिवेलागणीला घरात. अभ्यासिकेतूनही मुली आधी उठतात, कारण शेवटची एसटी, कारण बिबट्या, कारण लोक. वहीतली ट्रिक घरी बसून पाठ करता येते. पण ‘तुझं चुकतंय, कारण...’ असं समोरच्याला तोंडावर म्हणायची सवय घरात एकटं बसून लागत नाही. ती सवय एकालाच लागली आणि दुसरीला नाही, तर पुढे ग्रुप डिस्कशनमध्ये, मुलाखतीत, ग्रामसभेत कोण बोलतं आणि कोण नुसतं ऐकतं ते दिसतंच.

कुणी म्हणेल, ग्रुपमध्ये बसलं की अभ्यास कमी आणि गप्पाच जास्त. होतात गप्पा, नाही कशाला म्हणू? पण २००९ मध्ये टिमथी गावर्स या मोठ्या ब्रिटिश गणितज्ञाने एक अवघड प्रश्न सर्वांसमोर उघडा ठेवला आणि सांगितलं की अर्धवट, कच्च्या कल्पनासुद्धा बोलून टाका. काही आठवड्यांत अनेकांनी मिळून तो सोडवला. गप्पाच होत्या त्या, फक्त कामाच्या. आपल्याकडच्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली उदाहरणंसुद्धा कुणाला तरी हाक मारून, तू सांग बघू, अशाच थाटात घातलेली आहेत. तीही ११५० च्या सुमारास.

म्हणून अभ्यासिका चालवणाऱ्यांना एक मागणी. दिवसातला एक तास, भर दुपारी, मुलींना सोयीचा, ‘शांतता राखा’ची पाटी उलटी करा. फळ्यावर एक कोडं लिहा. ज्याला आधीच माहीत असेल त्याने तोंड बंद ठेवायचं, फार तर एक इशारा द्यायचा. ज्याला उत्तर मिळेल त्याने ते न सांगता दुसऱ्याला प्रश्न विचारायचे. मोबाइल दप्तरात. खर्च शून्य. भरतीच्या पेपरात याने किती गुण वाढतील ते मला सांगता येणार नाही, पण रांगेच्या गणितात तो एक का वजा करायचा ते नक्की कळेल.

माझ्या भावाला ते कळलंय, बरं का. त्याने ओसरीवर आम्हालाच रांगेत उभं केलं, दोन्हीकडून मोजलं आणि ओरडला, “आयला, मधला दोनदा मोजला जातोय!”

आता तुमच्यासाठी. कापरेकरांचा खेळ तीन अंकी संख्येवर खेळा, कुठेतरी जाऊन थांबाल. मग दोन अंकी घ्या, तिथे भलतंच काहीतरी होतं. शेजारी कुणी बसलं असेल तर त्यालाही कागद द्या. उत्तर मला पाठवू नका, आणि ग्रुपवर तर अजिबात टाकू नका.