बॅकअप घेतला म्हणू नका, परत आणून दाखवा

मंडळी, विषय कोरडा वाटेल, पण आपल्या घराच्या आणि ठेवीच्या कागदांचा आहे.

ई-गव्हर्नन्समध्ये आपली कल्याण-डोंबिवली महापालिका राज्यात आघाडीवर होती. तिचा नमुना पुढे इतर पालिकांनी घेतला. नंतर सोसायट्या, पतपेढ्या, वाचनालयं, शाळा असे सगळेच कॉम्प्युटरवर आले. उद्घाटनं झाली, नारळ फुटले. पण "हा सर्व्हर उद्या बंद पडला तर काय?" हा प्रश्न वार्षिक सभेत सहसा कुणी विचारत नाही. पार्किंगवर मात्र दोन तास भांडण!

जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्यात. सभासद कोण, शेअर कोणाच्या नावावर, थकबाकी किती, हे सगळं ऑफिसातल्या त्या एका डब्यात आहे. पतपेढीत तर लोकांच्या आयुष्याची पुंजी.

"बॅकअप आहे ना" म्हणतात. काय असतो तो? सर्व्हरला कायम खोचलेली एक हार्डडिस्क. रॅन्समवेअर आला की सर्व्हरबरोबर तीही लॉक होते. किंवा ड्राइव्हवर सिंक. म्हणजे इथे फाइल उडाली की तिथलीही उडाली. याला बॅकअप म्हणत नाहीत.

पहिल्यांदाच बॅकअप सॉफ्टवेअर लावणार असाल तर चार गोष्टी बघा.

१) काय काय जपायचं, याची आधी यादी करा. अकाउंटिंगचा डेटाबेस चालू असताना नुसती फाइल कॉपी केली तर ती अर्धवट निघू शकते. आधी डेटाबेसचा रीतसर डंप किंवा त्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा बॅकअप घ्यायचा आणि मग तो उचलायचा.

२) वेळ. व्हेंडर रात्री दोनचं शेड्यूल लावून जातो आणि इकडे संध्याकाळी सातला ऑफिसचा मेन स्विच बंद होतो. बॅकअप कधी झालेलाच नसतो! दुपारच्या जेवणाची वेळ लावा. पहिला बॅकअप पूर्ण असतो, त्याला वेळ लागतो. नंतर फक्त बदललेलं जातं. आणि काम फसलं तर निदान दोघांना मेल जायला हवा.

३) जागा. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. हा नियम जगभर मानतात. आपल्याला तर कारण सांगायलाच नको. २६ जुलै २००५ च्या पुरात तळमजले पाण्यात होते. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला प्रोबेस आणि २३ मे २०२४ ला अमुदान कंपनीत स्फोट झाले, लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. २१ जून २०१२ ला मंत्रालयातच आग लागून फायली जळाल्या. मग दुसरी प्रत त्याच ऑफिसच्या कपाटात ठेवून काय उपयोग? दक्षिण कोरियात सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाइट साठा गेला, कारण त्याची बाहेर प्रतच नव्हती.

४) पासवर्ड. बाहेर जाणारी प्रत एन्क्रिप्ट हवीच, त्यात लोकांचे आधार-पॅन असतात. पण रेस्टिकसारख्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड हरवला तर डेटा कुणीच उघडू शकत नाही. आपल्याकडे दर पाच वर्षांनी कमिटी बदलते आणि जुनी-नवी कमिटी एकमेकांशी बोलत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पासवर्ड सीलबंद पाकिटात, सेक्रेटरी आणि खजिनदार दोघांकडे, आणि चार्ज देताना त्याची लेखी पोच.

इतकं केलं तरी काम अर्धंच. गिटलॅब ही सॉफ्टवेअरवाल्यांचीच कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या माणसाच्या हातून चालू डेटाबेस उडाला. बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, एकही धड चालत नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी काढलेली एक प्रत सापडली म्हणून वाचले. जाणकारांचं हे झालं, तर आपल्या सोसायटीच्या डब्याचं काय?

म्हणून माझं म्हणणं एवढंच: "बॅकअप घेतला" हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो उघडून दाखवायला सांगा. मागच्या मार्चचा ताळेबंद आणि एका सभासदाचं खातं बॅकअपमधून काढायचं आणि छापील प्रतीशी ताडून बघायचं. वर्षातून दोनदा.

"परवडत नाही" म्हणणाऱ्यांसाठी: यूआरबॅकअप, डुप्लिकाती, रेस्टिक ही सॉफ्टवेअरं फुकट मिळतात. दोन हार्डडिस्क घ्याव्या लागतील, त्या आलटून पालटून बाहेर ठेवायच्या. "व्हेंडर बघतो" म्हणणाऱ्यांसाठी: मग एएमसीच्या करारात ही चाचणी लिहून घ्या. लिहिलेलं नसेल तर तो बघत नाही, असंच धरा. डेटा गेल्यावर सभासदांना उत्तर कमिटीला द्यावं लागणार, व्हेंडरला नाही.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. यंदा अजेंड्यावर एक ओळ घाला: शेवटची रिस्टोअर चाचणी कधी झाली, आणि कोणी बघितली? तारीख आणि नाव मिळालं तर कमिटीचं अभिनंदन करा. नाही मिळालं तर तिथेच ठराव करा.

पटलं तर सोसायटीच्या ग्रुपवर टाका. आणि तुमच्याकडे काय उत्तर मिळालं ते खाली लिहा.