चौघांचं पिवळं विमान

मुलांनो, दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या चौथीच्या वर्गात एक खटला माझ्यासमोर आला. नऊ पोरांनी पन्नास-पन्नास रुपये वर्गणी काढून एक बॅट घेतली होती. बॅट रोज एकाच्या घरी मुक्कामाला जायची. कुणाच्या तरी हातून मुठीजवळ तडा गेला. त्यानं काय केलं? वरून छान चिकटपट्टी गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप बॅट पुढच्याच्या हातात दिली. त्यानं पहिलाच चेंडू जोरात मारला, मूठ हातात राहिली आणि पातं उडून पॉइंटला उभ्या असलेल्या पोराच्या नडगीवर बसलं. मग काय, रडारड! "बाई, वर्गणीची वस्तू घ्यायचीच नाही कधी," असा निकाल एकानं आधीच देऊन टाकला.

मी म्हटलं, "अरे, माझा मामेभाऊ तर वर्गणीच्या विमानात बसून विमान चालवायला शिकला!"

वर्ग एकदम चिडीचूप. नडगीवाल्याचं रडणंसुद्धा थांबलं.

खोटं नाही सांगत. हा माझा दादा मूळचा साताऱ्याचा, नोकरीनिमित्त अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. लहानपणी पतंगामागे धावताना दोनदा विहिरीत पडता पडता वाचलेला. तिकडे गेल्यावर त्याला हवेत उडायची हुक्की आली. आधी तो एका शाळेत ताशी भाड्यानं विमान घेऊन शिकत होता. पण ते भाडं एवढं, की महिन्यातून एकदा उडायचं आणि पुढच्या वेळेपर्यंत निम्मं विसरायचं. पोहायला शिकणारा महिन्यातून एकदाच पाण्यात उतरला तर काय होईल, तसंच ते. मग एक दिवस विमानतळावरच्या फळ्यावर त्यानं चिठ्ठी वाचली : "विमानाचा पाव हिस्सा विकणे आहे."

पाव किलो साखर मिळते, पाव विमान कसं मिळणार? पंख एकाचा आणि शेपूट दुसऱ्याचं? तसं नाही. विमान अख्खं चौघांचं. प्रत्येकानं किमतीचा चौथा भाग द्यायचा आणि पाळीपाळीनं उडायचं. फ्लाइंग क्लबातलं विमान संस्थेचं असतं, आपण तासाचे पैसे देतो. आपल्याकडे जे. आर. डी. टाटा मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला, ते तुम्ही वाचलं असेल. इथं मात्र मालक आपणच. म्हणजे टायर फुटला तरी आपणच!

हे विमान म्हणजे जे-३ कब. कब म्हणजे अस्वलाचं पिल्लू, आणि त्याच्या शेपटावर खरंच अस्वलाच्या पिल्लाचं चित्र असतं. अंगाचा रंग पिवळाधमक. पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवन गावी पायपर कंपनीनं १९३८ ते १९४७ या काळात अशी जवळजवळ वीस हजार विमानं बांधली. दादाचं १९४६ सालचं, म्हणजे आमच्या मामापेक्षाही वयानं मोठं. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. रिकाम्या विमानाचं वजन साडेतीनशे किलोच्या आसपास, म्हणजे मारुती ८०० च्या जवळपास निम्मं! बसायच्या जागा दोनच, एकामागे एक. आणि गंमत म्हणजे एकटं उडायचं असेल तर पुढे नाही, मागच्या खुर्चीत बसायचं, नाहीतर विमानाचा तोल बिघडतो. जमिनीवर असताना नाक वर आणि शेपूट खाली, त्यामुळे मागे बसणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही. म्हणून धावपट्टीकडे जाताना नागमोडी वळणं घेत, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून डोकावत जायचं.

पेट्रोल किती उरलं ते कसं कळतं, सांगा बघू? काचेच्या पुढेच टाकी असते. तिच्यात एक बूच तरंगतं. बुचाला उभी तार जोडलेली, आणि तिचं टोक झाकणातून बाहेर आलेलं. पेट्रोल कमी होईल तसं बूच खाली जातं आणि तारही खाली जाते. झालं पेट्रोलचं मीटर! टाकी पंचेचाळीस लिटरची. तासाला साधारण पंधरा लिटर लागतं, तेव्हा किती तास उडता येईल, करा हिशेब. (उत्तर "तीन" आलं असेल तर तुम्ही गणितात पास, पण वैमानिक म्हणून नापास. टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत कोणी हवेत राहत नाही.)

इंजिन सुरू करायला किल्लीही नाही. एकानं पुढे उभं राहून पंखा हातानं फिरवायचा आणि दुसऱ्यानं आत ब्रेक दाबून बसायचं. "स्विच ऑफ?" "ऑफ!" असं मोठ्यानं विचारल्याशिवाय आणि उत्तर आल्याशिवाय कोणी पंख्याला हात लावत नाही. फिरता पंखा माणसाला जिवंत सोडत नाही.

अमेरिकेत २००४ साली हलक्या विमानांसाठी "लाइट स्पोर्ट" नावाचे नवे नियम आले. उडतानाचं एकूण वजन ६०० किलोपर्यंत, इंजिन एक, जागा दोन, आणि चाकं पोटात न जाणारी. आपलं म्हातारं पिल्लू त्यात बरोबर बसलं. अशा विमानाच्या परवान्यासाठी किमान वीस तासांचं शिक्षण लागतं, आणि मोटार चालवायचा परवाना असेल तर डॉक्टरांचा वेगळा दाखलाही सहसा लागत नाही. २०२५ मध्ये हे नियम आणखी सैल झाले. पण दादाला खरी अडचण नियमांची नव्हती. ती होती उरलेल्या तिघांची.

एक होता मका-सोयाबीनवाला शेतकरी. दुसरे दातांचे डॉक्टर. तिसरे म्हणजे शाळेची बस चालवून निवृत्त झालेले आजोबा. तिघंही मुरलेले वैमानिक. आणि हा नवशिका त्यांच्या विमानावर हात बसवणार! आपली नवी सायकल कोणी शिकायला मागितली तर आपण काय म्हणतो? तसेच डॉक्टरसाहेब कुरकुरले. विमा कंपनीनंही विम्याचा हप्ता वाढवला, आणि शिक्षकाबरोबर ठरावीक तास झाल्याशिवाय यानं एकट्यानं उडायचं नाही, अशी अट घातली. दादानं हप्त्याची वाढ आपल्या खिशातून द्यायचं कबूल केलं, तेव्हा कुठे करारावर सह्या झाल्या.

हिशेबाचं बघा. विमान उडो न उडो, हँगरचं भाडं, विमा आणि दर बारा महिन्यांची तपासणी हा खर्च ठरलेलाच. सोपा आकडा घेऊ. समजा, हा वर्षाचा खर्च ४००० डॉलर आला. एकटा मालक वर्षाला ५० तास उडला, तर तासाला ८० डॉलर पडले. चौघांत वाटला तर प्रत्येकी हजार, म्हणजे तासाला फक्त २०. पेट्रोल ज्याचं त्यानं घालायचं. शिवाय दर तासामागे थोडे डॉलर एका गल्ल्यात टाकायचे. कधीतरी इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करावं लागतं, त्या दिवसासाठी. आपल्या भिशीसारखंच, फक्त ही भिशी इंजिनाला लागते! आणि नुसतं उभं ठेवून इंजिन टिकतं असं समजू नका. आत दमट हवा राहून गंज धरतो. म्हणजे चौघांनी वापरलं की विमानही खूश.

भांडणं झाली का? झाली की! रविवारी सकाळी वारा शांत असतो, म्हणून रविवार सगळ्यांनाच हवा. शेवटी हँगरच्या भिंतीवर कॅलेंडर लावलं आणि ठरवलं, सलग दोन रविवार कुणीही आपलं नाव लिहायचं नाही. कॅलेंडरशेजारी खिळ्याला एक वही टांगलेली. तारीख, नाव, किती वेळ उडालो, पेट्रोल किती उरलं, आणि शेवटचा मोठा रकाना बिघाडाचा. तिकडचे वैमानिक अशा तक्रारीला "स्क्वॉक" म्हणतात. स्क्वॉक म्हणजे पोपटाचं कर्कश ओरडणं!

आता ऐका. दादाला एकट्यानं उडायची परवानगी मिळून तीन आठवडे झाले होते. एका संध्याकाळी तो उतरत होता. वारा आडवा आला, अंदाज चुकला, विमान धाडकन आपटलं आणि चेंडूसारखं उसळलं. पुन्हा आपटलं, पुन्हा उसळलं. कसंबसं थांबलं. दादानं खाली उतरून चारही बाजूंनी पाहिलं. कापड ठीक, पंखा ठीक, चाकं सरळ. आसपास चिटपाखरूसुद्धा नव्हतं. त्यानं विमान हँगरात ढकललं. वहीत लिहिलं, "चाळीस मिनिटं. सर्व ठीक." आणि घरी निघाला.

हे लिहिताना माझ्या मनात आलं, मुलांनो, की मी त्याच्या जागी असते तर काय केलं असतं? खरं सांगते, मीही बहुधा तेच लिहिलं असतं. पुढच्या हिश्शाचे पैसे अजून फिटायचे होते. डॉक्टरसाहेब तर "मी म्हटलंच होतं" म्हणायला टपून बसलेले.

पण दादाला गाडीत आठवलं, सकाळी सहाला शेतकऱ्याची पाळी आहे. आणि तो नातवाला घेऊन जाणार आहे.

दादा अर्ध्या वाटेतून परतला. "सर्व ठीक" खोडलं आणि खाली लिहिलं, "फार जोरात उतरलो. तीनदा उसळलो. चाकं तपासल्याशिवाय नेऊ नका." तेवढ्यावर मन मानेना म्हणून शेतकऱ्याला फोनही केला. फोनवर तो नुसतं "बरं" म्हणाला. दादा म्हणतो, रात्रभर ते "बरं" कानात वाजत होतं.

कबच्या चाकांना मोटारीसारख्या स्प्रिंगा नसतात. रबराच्या धाग्यांच्या जाड दोऱ्या गुंडाळलेल्या असतात. त्या ताणतात आणि धक्का सोसतात. वरून खोळ असते, त्यामुळे आतलं काही दिसत नाही. सकाळी मेकॅनिकनं खोळ काढली. डाव्या चाकाच्या दोरीचे बरेचसे धागे तुटलेले! उरलेल्यांवर विमान उभं होतं. आणखी एकदा जोरात उतरलं असतं तर पाय पसरून पंख जमिनीला टेकला असता.

मग बैठक. डॉक्टरसाहेब म्हणाले, ज्यानं मोडलं त्यानं भरावं. बसवाले आजोबा म्हणाले, दोऱ्या जुन्या झाल्याच होत्या, आपण सगळ्यांनीच उतरून उतरून झिजवल्या, याच्या हातात तुटल्या एवढंच. बराच वेळ घासाघीस झाली. दोऱ्यांचा खर्च चौघांत, आणि दादानं शिक्षकाबरोबर आणखी दोन तास स्वतःच्या पैशानं उतरायचा सराव करायचा, असं ठरलं. शेतकरी त्यात काहीच बोलला नाही. जाताना मात्र त्यानं दादाला खाऊ म्हणून मक्याची दहा कणसं दिली. डॉक्टरसाहेबांचा राग काही गेला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी आपला पाव हिस्सा विकायला काढला. करारात लिहिलेलं होतं, की हिस्सा आधी उरलेल्या तिघांना विचारायचा आणि मगच बाहेर. तिघांकडेही तेवढे पैसे नव्हते.

हे सगळं ऐकून आमच्या वर्गातून पहिला प्रश्न आला, "मग बाई, तो हिस्सा कुणी घेतला?"

एका आजीबाईंनी! स्वतःसाठी नाही, सोळा वर्षांच्या नातीसाठी. तिकडे सोळाव्या वर्षी एकट्यानं विमान उडवता येतं, परवाना मात्र सतराव्या वर्षी. ही मुलगी सुट्टीत त्याच विमानतळावर हँगर झाडायची आणि विमानं धुवायची. बातमी कळल्यावर आमच्या दादाला काय वाटलं असेल? तो म्हणतो, "अगं, पहिला विचार हाच आला, की ही नवशिकी पोरगी आपलं विमान आपटणार!" आणि मग त्याचं त्यालाच हसू आलं. तोवर त्याला परवाना मिळालेला होता. पहिल्यांदा पुढच्या खुर्चीत त्यानं बसवाल्या आजोबांनाच बसवून फिरवून आणलं होतं. (सातारच्या मामींना ही बातमी अजून कळलेली नाही. त्यांच्या नातवंडांनी हा अंक त्यांच्यापासून लपवून ठेवावा.)

परवा दादानं मला त्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. मी तो वर्गात दाखवला. मुलीचं अक्षर वाकडंतिकडं, आणि तिची एकट्यानं उडण्याची ती दुसरीच वेळ. शेवटच्या रकान्यात लिहिलंय, "दोनदा उसळले. डाव्या चाकाच्या दोऱ्या बघा." आणि त्याखाली दादाचं अक्षर, "बघितल्या. शाबूत आहेत. रविवार तुझा."